पाणी मुरत होतं ती जागा

बोरमाळच्या टाकीखाली पाण्याचा मीटर बसला, त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद झाला होता तो जफरभाईंना. मीटर बसवायला आलेल्या दोघा मिस्त्र्यांना त्यांनी घरून डबा आणून जेवू घातलं होतं.

जफर शेख हे गावचे वॉलमन. बोरमाळ म्हणजे फुलसावंगीच्या रस्त्याला लागून असलेलं तीन हजार वस्तीचं गाव. सत्तावीस वर्षं झाली, सकाळची नमाज आटोपली की जफरभाई लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघत आणि गावातले अकरा व्हॉल्व्ह ठरल्या क्रमाने उघडत, मिटत. कोणत्या गल्लीत पाणी पोचायला किती मिनिटं लागतात, कोणाकडे साखरपुडा आहे म्हणून पाणी जरा जास्त वेळ सोडायचं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. एकच गोष्ट त्यांना कधी साधली नाही. शाळेच्या पलीकडे, पाइपलाइनच्या अगदी शेवटाला, वीस-बावीस घरांची वस्ती होती. टाकी काठोकाठ भरलेली असायची, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असायचा, आणि तरी तिथल्या विमलताई राठोडांच्या अंगणातला नळ दोन हंडे भरले की फुसफुसायला लागायचा. विमलताई सत्तरीला टेकलेल्या. त्या कधी भांडल्या नाहीत, पण महिन्यातून एकदा तरी विचारत, "जफर, तू तं सोडतोस ना रे बावा? मंग जाते कुठं थे पाणी?"

सोडतो एवढंच जफरभाई सांगू शकत. म्हणून मीटर बसला तेव्हा त्यांना वाटलं, आता आपल्या बाजूने बोलणारं कोणीतरी आलं. टाकीतून किती पाणी निघालं याचा आकडा आता रोज पंचायतीच्या मोबाइलवर दिसणार होता.

आकडा दिसला. टाकीतून रोज दोन लाख लिटर पाणी निघत होतं. मग सरपंच इंदुताईंनी हुशारीनं एक काम केलं. चार दिवस त्यांनी गल्लीगल्लीत बादली आणि घड्याळ घेऊन बाया बसवल्या आणि घरोघर किती पाणी पोचतं ते मोजून घेतलं. ते भरलं एक लाख वीस हजार. उरलेलं ऐंशी हजार लिटर पाणी रोज कुठे जात होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यावर कुठे ओल नव्हती, नालीत कुठे वाहतं पाणी नव्हतं, कुठे हिरवळ माजलेली नव्हती.

एक मेच्या ग्रामसभेत इंदुताईंनी हे वाचून दाखवलं. मग बबनराव उठले. वीस एकरांचे कास्तकार, शब्दाला वजन असलेले. जफरभाई आणि ते सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले.

"मी कोणाचं नाव घेत नाही," बबनराव म्हणाले. "पण ऐंशी हजार लिटर म्हणजे रोजचे आठ टँकर झाले. इतकं पाणी काही हवेत उडत नाही. कुठं तरी पाणी मुरून राह्यलं. अन् चावी तं गावात एकाच माणसापाशी हाये."

नाव न घेताही पन्नास माना एकाच दिशेला वळल्या. जफरभाई मागच्या रांगेतून उठले, पुढे गेले आणि खांद्यावरची चावी त्यांनी सरपंचांच्या टेबलावर ठेवली.

इंदुताईंनी चावीला हात लावला नाही. "उचला, जफरभाऊ. उद्या सकाळी पाणी कोण सोडीन? अन् सगळ्यायनं ऐका. मीटरनं पाणी कमी पोचते एवढंच सांगतलं. कोणी नेलं, थे नाही सांगतलं. मी जिल्ह्याच्या ऑफिसले अर्ज करून राह्यली. गळती शोधाची मशीन असते म्हणते. येऊ द्या मशीन, मंग बोलू."

त्या बाईंचे उपकार जफरभाई आजही मानतात. त्या दिवशी त्यांनी चावी ठेवून घेतली असती, तर जफरभाईंना गावात पुन्हा मान वर करून फिरता आलं नसतं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बायको गुलनारने पाणी दिलं, चहा ठेवला. जफरभाई म्हणाले, "अल्ला को मालूम है, मैंने एक घागर इधर की उधर नहीं की."

"अल्ला को तो मालूम है जी," गुलनार म्हणाली. "गाव को कैसे मालूम पड़ेगा?"

पुढचे दहा दिवस वाईट गेले. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. फक्त व्हॉल्व्हचं झाकण उघडायला वाकलं की ओट्यावर कोणीतरी येऊन उभं राहायचं आणि बघत राहायचं. सत्तावीस वर्षांत ज्या गल्ल्यांमध्ये त्यांना चहासाठी थांबवत, त्या गल्ल्यांमधून ते आता मान खाली घालून भराभर निघून जात. त्यांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. मशीन येऊ दे. झाकणं उघडा म्हणतील, झाकणं उघडू. त्यापुढे आपण आपल्या तोंडानं एक शब्द बोलायचा नाही.

अकराव्या दिवशी एक पांढरी गाडी आली. तिच्यातून उतरली एक पंचविशीची मुलगी, डोक्यावर टोपी, गळ्यात कानाला लावायचे मोठे हेडफोन. नाव निकिता. नोकरी नागपूरच्या एका संस्थेत, पण माणूस पुसदकडचं, त्यामुळे इंदुताईंशी बोलताना पाचव्या मिनिटाला तिच्या तोंडातून "का"च्या ऐवजी वऱ्हाडी "काहून" निघालं आणि पंचायतीतलं वातावरण जरा सैल झालं.

तिनं पहिल्यांदा मागणी केली ती शांततेची. मशीन म्हणजे मुळात एक कान आहे, ती म्हणाली. पाइप फुटला की फटीतून जोरात निघणाऱ्या पाण्याचा आवाज होतो. तो पाइपमधून दोन्ही बाजूंना जातो. एका व्हॉल्व्हवर एक यंत्र चिकटवायचं, दुसऱ्या व्हॉल्व्हवर दुसरं. आवाज एकाला आधी ऐकू येतो, दुसऱ्याला नंतर. मधल्या फरकावरून मशीन सांगतं, गळती कोणापासून किती मीटरवर आहे.

"पण लाइन सुरू पाहिजे, आणि आजूबाजूला खडखडाट नको."

म्हणून दुपारची दोनची वेळ ठरली. मे महिन्यातल्या उन्हात त्या वेळी बोरमाळच्या रस्त्यावर कुत्रंही नसतं. इंदुताईंनी स्वतः जाऊन पिठाची गिरणी बंद करायला लावली. एका घरी हळदीचा डीजे लागायचा होता, तो चारनंतर लावायचं त्यांनी कबूल केलं. जफरभाईंनी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि ते बाजूला उभे राहिले.

निकितानं गावाची लाइन तुकड्या-तुकड्यानं तपासली. मारुतीच्या देवळाजवळचा व्हॉल्व्ह आणि शाळेजवळचा व्हॉल्व्ह, या मधल्या तुकड्यावर मशीन बोललं. पडद्यावर एक उंच शेंडा उमटला. निकिताच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिनं चाकाच्या काठीनं अंतर मोजलं होतं, दोनशे बारा मीटर. पाइप कशाचा आहे ते पंचायतीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चार इंची. हिशोब करून तिनं रेशन दुकानासमोरच्या सिमेंट रस्त्यावर खडूनं फुली मारली.

फुली पाहून जफरभाईंच्या मनात काहीतरी हललं. ती लाइन पूर्ण बीडाची नव्हती. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ज्या रजिस्टरवर गावाचा विश्वास आहे, त्यालाच विचारा, असं ते मनातल्या मनात म्हणाले आणि गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता फोडला. चार फूट खाली पाइप लागला. धडधाकट, कोरडा ठक्क. सभोवतालचा मुरूम हातात घेतला तर भुरभुर उडत होता. बघायला जमलेल्या लोकांत बबनराव होते. "चांगला रस्ता होता गावात एक," ते म्हणाले आणि निघाले. पाठोपाठ लोकही पांगायला लागले. पदराने कपाळ पुसताना इंदुताईंचा चेहरा उतरलेला दिसत होता.

निकिता मातीच्या ढिगावर बसली. मशीन खराब आहे असं ती म्हणाली नाही, मजुरांवर ओरडली नाही. तिनं जफरभाईंना हाक मारली.

"काका, इथं बसता का जरा?"

ते बसले.

"मशीनला मी जे सांगते तेच ती खरं धरून चालते. मी तिला सांगितलं बीडाचा पाइप. आवाज बीडातून धावत जातो, प्लास्टिकमधून चालत जातो. मधे कुठे प्लास्टिक असेल तर माझा हिशोब गेला. या लाइनबद्दल मला कोणीतरी चुकीचं सांगितलंय, किंवा अर्धवट. हे गाव जमिनीखालून पाहिलेला माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा दिसत नाही."

जफरभाई खाली बघत राहिले. दहा दिवसांत त्यांच्याकडे संशयानं बघणारे पुष्कळ भेटले होते. काही विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. आणि या पोरीचा एक अख्खा दिवस, गावाचा एक चांगला रस्ता, आपण आपल्या रागापायी वाया घालवला, हे त्यांना एकदम लागलं.

"नाल्यावर पूल झाला तवा जेसीबीनं लाइन तोडलती," ते म्हणाले. "मंग दहा पाइप प्लास्टिकचे टाकले. सहा-सहा मीटरचे. देवळाकडून मोजलं तं चाळीस मीटरवर सुरू होते अन् शंभरावर संपते. रजिस्टरमधी कोणी लिवलं नाही." मग थांबून म्हणाले, "मले काल मालूम होतं, मॅडम. बोललो नाही. रागात होतो."

निकितानं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या जागी मीही बोलले नसते," ती म्हणाली आणि उठली. "चला. आता बोलताय ना."

दुपारी पुन्हा गिरणी बंद झाली, पुन्हा यंत्रं चिकटवली. साठ मीटर प्लास्टिक, बाकी बीड, असं तिनं मशीनला सांगितलं. पडद्यावरचा शेंडा सरकला. आता जागा निघाली ती पस्तीस मीटर पुढे, अंगणवाडीसमोरच्या फरशीवर. पक्कं करायला म्हणून निकितानं जमिनीवर ठेवायचा माईक काढला. हातभर दांडा, खाली रबराचा जाड पाय. ती पावलापावलानं तो ठेवत, ऐकत पुढे सरकत होती. एका जागी ती थांबली, तीनदा ऐकलं, आणि मग हेडफोन काढून जफरभाईंच्या हातात दिले.

"ऐका."

कानाला लावताच त्यांना आधी आपल्याच श्वासाचा आवाज आला. मग त्याखालून दुसरा आवाज वर आला. गरम तव्यावर पाणी शिंपडावं आणि ते थांबूच नये, तसा. एकसारखा, जोरकस. इतकी वर्षं ज्या पाण्याच्या मागे ते फिरले होते, ते त्यांच्या पायाखाली बोलत होतं.

"माहे उस्ताद सळई कानाले लावत," ते हळूच म्हणाले. "व्हॉल्व्हवर सळई टेकवत अन् म्हणत, कुठं तरी फुटलं. नेमकं कुठं, थे नव्हतं सांगता येत."

"तेच आहे हे," निकिता म्हणाली. "तुमच्या उस्तादांची सळई. फक्त आता तिला मोजता येतं."

जफरभाईंना हसू आलं. आणि त्याच क्षणी, कानाला तो आवाज लावलेला असतानाच, आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हेडफोन काढले. डावीकडे अंगणवाडीचं दार. उजवीकडे कडुनिंब. सोळा वर्षांपूर्वी इथे फरशी नव्हती. इथे सार्वजनिक नळ होता, आणि नळाच्या मागे दगड-गोटे टाकून बुजवलेली जुनी विहीर. घरोघर नळ आले तेव्हा पंचायतीनं सार्वजनिक नळ बंद करायला सांगितला. मुख्य लाइनला नळासाठी जोडलेला फाटा बंद करायला लोखंडी झाकण लागत होतं. ते त्या दिवशी हाताशी नव्हतं. जफरभाईंनी बाभळीची एक खुंटी तासली, तिला सायकलची ट्यूब गुंडाळली, हातोड्यानं ठोकून बसवली आणि माती लोटली. आठवड्याभरात पक्कं झाकण लावू, असं ते त्या वेळी म्हणाले होते. पुढे रोजे लागले, मग दिवाळी आली, मग त्यावर फरशी बसली. ते विसरून गेले.

ही गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती. खुंटी तेव्हाच कधीतरी निसटून गेली असणार. खोदल्यावर एक उघडा फाटा सापडला असता. कोणी बंद केला होता, कसा केला होता, हे कोणी विचारलंही नसतं.

तोवर इंदुताई आल्या होत्या. फावडी घेऊन मजूर आले, लोक जमले, बबनरावही लांब निंबाखाली येऊन उभे राहिले. पहिली फरशी उचलायला मजूर वाकला, तेव्हा जफरभाई पुढे झाले.

"थांब रे. खोदाच्या पयले मले एक सांगाचं हाये."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. खुंटी, ट्यूब, राहून गेलेलं झाकण. "पाणी मी कोणाले इकलं नाही," शेवटी ते म्हणाले. "पण गेलं असंन तं माह्याच हातून गेलं. सोळा वर्स विमलताईच्या नळाले पाणी नाही, त्याचा गुन्हेगार मीच हावो."

विमलताई गर्दीत होत्या हे जफरभाईंना आधी दिसलं नव्हतं. त्या काठी टेकत पुढे आल्या, त्या फरशीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सापडलं ना रे बावा? मंग खोदा ना लवकर, दिवस उतरून राह्यला."

खोदायला पाऊण तास लागला. पहिले दोन फूट कोरडे होते. मग माती काळी पडत गेली, मग चिखल लागला, आणि चौथ्या फुटावर पाण्याचा आवाज हेडफोनशिवायच ऐकू यायला लागला. टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा मिटवून मजुरांनी चिखल उपसला, तेव्हा दिसलं. फाट्याच्या उघड्या तोंडातून मनगटाएवढी धार आडवी सुटली होती आणि समोरच्या दगडांच्या खबदाडात गडप होत होती. बुजवलेल्या विहिरीचे दगड ते. सोळा वर्षं पाणी सरळ तिच्या पोटात उतरत होतं, म्हणून वर एका थेंबाची ओल दिसली नव्हती. खुंटीचा पत्ता नव्हता. ट्यूबचा एक काळा तुकडा तेवढा चिकटून होता.

जफरभाईंनी तो फाटाच कापून काढला. मजुराला हात लावू दिला नाही. खड्ड्यात उतरून, गुडघाभर चिखलात बसून, त्यांनी लाइनमध्ये नवा सरळ तुकडा बसवला, दोन्ही बाजूंचे जोड स्वतः आवळले आणि दोनदा पाणी सोडून तपासले. वर यायला हात दिला तो निकितानं.

संध्याकाळी पाणी सुटलं, तेव्हा शाळेपलीकडच्या वस्तीत सगळी माणसं आपापल्या नळापाशी उभी होती. विमलताईंच्या अंगणात पहिला हंडा भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. चौथ्यानंतर त्यांच्याकडे भांडंच उरलं नाही. मग त्यांनी नळ बंद केला, आणि नळ आपल्या हातानं बंद करायची वेळ आली याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की त्यांनी तो पुन्हा उघडून पाहिला आणि पुन्हा बंद केला. जफरभाई कुंपणापाशी उभे होते. विमलताईंनी त्यांना आत बोलावून बाजेवर बसवलं आणि त्याच नळाच्या पाण्याचा चहा पाजला. अपराधाची गोष्ट पुन्हा काढायचा जफरभाईंनी प्रयत्न केला, तर म्हातारी म्हणाली, "घे ना चहा, थंडा होते."

निकिता आणखी दोन दिवस राहिली. तिला गावाच्या सगळ्या लाइनीचा नकाशा करायचा होता. जफरभाई पुढे चालत, आणि इथे वाकण आहे, इथे खडक लागला म्हणून लाइन आडवी घेतली, इथे दोन इंची सुरू होते, असं सांगत. ती प्रत्येक जागी मोबाइलवर खूण करत होती. आणखी दोन बारक्या गळत्या सापडल्या, त्या त्यांनी लगेच बुजवल्या. दोन्ही दिवस जेवण गुलनारच्या हातचं. दुसऱ्या दिवशी निघताना निकिता गुलनारच्या पाया पडायला वाकली, तेव्हा गुलनारने तिला वरच्या वर धरलं आणि तिच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली.

पंधरा दिवसांनी नकाशा छापून आला. इंदुताईंनी तो काच लावून पंचायतीत टांगला. निळ्या रेघांचं बोरमाळ. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, छापलं होतं: माहिती — जफर शेख, वॉलमन. जफरभाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी बबनराव त्यांच्या दारात आले. सोबत एक पोतडी होती. ग्रामसभेनंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. जफरभाईंनी खुर्ची दिली. बबनराव बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जफर, माही विहीर उतरली."

जफरभाईंना काही उमगेना.

"अंगणवाडीच्या खालच्या अंगाले माहं वावर हाये ना. त्यातली विहीर. सोळा वर्स झाली, मे महिन्यातबी तिचं पाणी हालत नव्हतं. साऱ्या शिवारातल्या विहिरी तळाले जात, माही भरून राहे. मी उन्हाळी भुईमूग घेऊन राह्यलो दरसाल. लोकायले सांगत होतो, माह्या आजानं जागाच तशी निवडली. तुनं खड्डा बुजवला अन् पंधरा दिवसांत विहीर दोन पुरुष खाली गेली. रोज सकाळी जाऊन पाह्यलं. आज खात्री झाली."

जफरभाई समोर खाली बसले.

"चोर सापडला म्हणतो मी. मीच होतो थो. अन् भर सभेत बोट तुह्याकडं केलं."

आतल्या दारात गुलनार उभी होती. जफरभाईंच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही. पण राग आला नाही, हे मात्र खरं. विहीर उतरली हे फक्त बबनरावांना ठाऊक होतं. उन्हाळाच कडक आहे म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. हा माणूस उन्हातान्हाचा, पोतडी उचलून, आपणहून सांगायला आला होता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून असं काही सांगायला काय लागतं, ते जफरभाईंना आता चांगलं माहीत होतं.

"बबनभाऊ," ते म्हणाले, "खुंटी मी ठोकली अन् पाणी तुमी पेलं. आपली जोडी शाळेपासून अशीच हाये."

बबनराव आधी हसले, मग त्यांनी टोपीनं डोळे पुसले. पोतडी पुढे सरकवली. भाजायच्या शेंगा होत्या, टपोऱ्या. "तुह्याच पाण्याच्या हायेत. घे. आता पुढच्या साली नाही होणार."

आल्या वाटेनं परत जाताना ते पानठेल्यावर थांबले आणि बसलेल्या सगळ्यांना त्यांनी हीच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी जफरभाई निघाले, तेव्हा तीन घरांतून चहाचं बोलावणं आलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी निकिताला फोन लावला. आभार मानायचे होते. काय बोलायचं ते त्यांनी गुलनारसमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, पण तिकडून "हॅलो" ऐकताच सगळं विसरलं.

"मॅडम, मी बोरमाळचा जफर बोलून राह्यलो. विमलताईच्या घरी पाणी येते रोज."

"माहितेय काका. तुमचा मीटर मला इथूनही दिसतो," ती हसून म्हणाली. मागे गाड्यांचा आवाज होता. ती वणीकडे होती, राजूरच्या बाजूला.

"मीटरवर एवढं नाही दिसत, बेटा. काल तिनं अंगणात तुळस लावली. आता घालाले पाणी हाये ना."

निकिता म्हणाली, "काका, बरं झालं फोन केला. इथं एक जुनी लाइन आहे, शिशाच्या जोडांची. कागद काहीच नाहीत. गावात आल्याबरोबर मी पहिल्यांदा जुना वॉलमन शोधला, पण ते वारले म्हणतात. असा जोड गळत असला तर आवाज कसा येतो? तुमच्या उस्तादांनी कधी सांगितलं होतं?"

जफरभाई पंचायतीच्या पायरीवर बसले. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगतलं होतं ना," ते म्हणाले. "मशीन बाजूले ठेव अन् आइक."